थोट्या क्रुसाची पायरी

ऑर्लकोटच्या चर्चच्या आवारातल्या क्रुसाला सगळं गाव 'थोटा' म्हणायचं. चार दगडी पायऱ्या, त्यांच्यावर चौथरा, चौथऱ्यावर कमरेएवढा खांबाचा बुंधा, आणि पुढे नुसतं आभाळ. वरचं सगळं केव्हाच गेलं होतं. राजा आणि पार्लमेंट यांच्यात जुंपली होती त्या काळात शिपाई आले, त्यांनी दोर बांधून खांब ओढला आणि वरचा कोरीव भाग ओढ्यात फेकला, असं लोक सांगत. सांगताना आव असा, की जणू स्वतः कुंपणाआडून पाहत होते. दोर ओढायला गावातलेही हात होते, हे मात्र कुणी बोलत नसे. ज्याला विचारावं त्याचा खापरपणजोबा नेमका त्या दिवशी परगावी गेलेला.

वरचं गेलं तरी पायऱ्यांचं काम थांबलं नाही. कुणी मेलं की पेटी आवारात आणायची, थोट्याभोवती तीन फेरे घालायचे आणि वरच्या पायरीवर टेकवायची. जुने पाद्री प्रार्थनेला सुरुवात तिथूनच करत. खांदेकरी तेवढ्यात घाम पुसून घेत. हे सगळं कुठल्या पुस्तकात लिहिलंय असं विचारणारा माणूस गावात अजून जन्मला नव्हता. तो बाहेरून आला.

नव्या पाद्र्यांचं नाव लॅथबरी. तरुण, उंच, आणि मनाने इतके सरळ की त्यांच्याशी भांडायचीही सोय नव्हती. त्यांना तो बुंधा बघवत नसे. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते व्यासपीठावरून म्हणाले, "सव्वादोनशे वर्षं आपण आपल्या प्रभूचा क्रूस मोडका ठेवला. आपल्या गोठ्याचं दार मोडलं तर आपण आठवडाभर तरी थांबतो का?" त्यांच्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ नवा क्रूस उभा राहणार होता, तांबड्या दगडाचा, चारही बाजूंनी कोरलेला. मे महिन्याची जत्रा झाली की हेरेफर्डचे पाथरवट येणार, जुन्या पायऱ्या काढणार, पुरुषभर खणून नवा पाया घालणार. भोवती लोखंडी कठडा येणार, म्हणजे यापुढे पेट्या टेकवून दगड झिजणार नाही. आणि निघालेली दगडमाती गिरणीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत जाणार.

खड्ड्यांचं ऐकून लोक खूश झाले. मागच्या बाकावरची थर्झा प्रीस तेवढी खूश झाली नाही.

थर्झा गावची सुईण. मेलेल्यांना आंघोळ घालून, कपडे चढवून पेटीत निजवायचं कामही तिचंच. "येणाऱ्याला मी घेते, जाणाऱ्याला मी देते," ती म्हणायची, "मधल्या काळात मला कुत्रं विचारत नाही." मूठभर बाई, पण तोंड तिखट. वेणा देणाऱ्या बाईला ती म्हणे, "ओरड हवं तेवढं, पण तुझ्या सासूने याहून जास्त ओरडून दाखवलंय." बाई रागाच्या भरात असा जोर लावी की मूल बाहेर.

पण काही मुलं निळी यायची. उलटी टांगा, पाठीवर थापट्या मारा, तोंडात फुंकर घाला, तरी एक हुंकार नाही. अशा मुलाला बाप्तिस्मा नाही, आणि बाप्तिस्मा नाही तर मातीच्या वेळची प्रार्थना नाही. बाप म्हणायचा, पुरून टाक कुठेतरी बागेत. शेजारणी म्हणायच्या, होईल गं दुसरं. थर्झाला त्या 'दुसरं'चा जितका संताप यायचा तितका दुसऱ्या कशाचाच येत नसे. बादली फुटली की दुसरी आणतात.

म्हणून तिने आपला मार्ग काढला होता. त्या आठवड्यात गावात कुणी मेलेलं असलं, तर ते गुंडाळलेलं मूल ती हळूच त्या म्हाताऱ्याच्या किंवा म्हातारीच्या पायांशी ठेवी आणि वर चादर ओढी. पेटीवर प्रार्थना व्हायची, त्यात त्याचीही होऊन जायची. कुणी मेलेलं नसलं, तर मग थोटा. वरच्या पायरीचा मावळतीकडचा दगड पहारीने उचलता यायचा. त्याच्याखाली पोकळी होती. गावातली प्रत्येक पेटी त्याच पायरीवर टेकायची, प्रत्येक प्रार्थना तिथेच सुरू व्हायची. मोठ्यांच्या ताटातले चार घास खालच्यांना मिळत राहतील, एवढाच तिचा हिशेब. किती ठेवली ते ती मोजत नसे. मोजायच्या त्या कोंबड्या, ती म्हणायची.

तिथलं पहिलं मूल तिचं स्वतःचं होतं. मुलगी. तेव्हा थर्झा वीस-एकवीस वर्षांची होती. नवरा वेल्समधल्या लोखंडाच्या कारखान्यात गेला होता आणि तिकडचाच झाला. दगड उचलला तो ईनॉक बफ्टनने. ईनॉक म्हणजे गावचा सुतार. त्याने सफरचंदांच्या पेटीच्या फळ्यांची इवलीशी पेटी करून आणली होती. पुढेही प्रत्येक पेटी त्यानेच केली. कुणाचं, हे त्याने कधी विचारलं नाही.

आता ती सगळी गिरणीच्या रस्त्यावर जाणार होती. त्यांच्यावरून गाड्या जाणार होत्या.

थर्झा पाद्र्यांच्या घरी गेली. पायपुसण्यावर उभी राहिली ती तिथून हलेना.

"या ना, मिसेस प्रीस. चहा घ्याल?"

"नको साहेब. एक विचारायचं होतं. बाप्तिस्मा न झालेलं मूल दगावलं, तर त्याच्यावर प्रार्थना वाचता येते?"

लॅथबरींचा चेहरा उतरला. "कुणाच्या घरी काही झालं का?"

"नाही. नुसतं विचारते."

"देवाच्या दयेला कुंपण घालणारा मी कोण? पण पुस्तकात स्पष्ट म्हटलंय. ती प्रार्थना त्यांच्यासाठी नाही. मी वाचली तर मला बिशपसाहेबांपुढे उत्तर द्यावं लागेल."

"आणि मनातल्या मनात वाचली तर?"

"त्याला कोण अडवणार?" ते कसनुसं हसले.

"मनातलं त्यांना ऐकू जातं थोडंच," थर्झा म्हणाली आणि निघाली.

सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण एकदा सांगितलं की कुणाचं, कधीचं, हे निघणारच. त्यातल्या दोघीतिघींची तेव्हा लग्नंही झालेली नव्हती. आज त्या टोप्या घालून पुढच्या बाकावर बसत होत्या, आणि हेस्टर लेलोसारखीने तर पोटात काही नव्हतंच असं जगाला सांगून टाकलं होतं. दारूगुत्तेवाल्याची बायको ती, पाच धडधाकट मुलांची आई. पण त्या एका बाळंतपणानंतर थर्झा समोर दिसली की रस्ता बदलायची.

थर्झा ईनॉककडे गेली. तो नाताळापासून छातीच्या दुखण्याने अंथरुणात होता आणि डॉक्टरने नकारार्थी मान हलवली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मग त्यात काय," तो धापा टाकत म्हणाला. "माझी पेटी तयार आहे. दुकानात उभी आहे, सफरचंदं ठेवतो मी तिच्यात. चांगली रुंद केलीय. बायको म्हणायचीच, तू झोपेत हातपाय फार पसरतोस. सगळी घाल माझ्याबरोबर."

"सगळी?"

"अगं, पेट्या मीच केल्यात ना? मग मापं मला ठाऊक नाहीत? जत्रेच्या आत मरतो बघ मी. शब्द देतो."

"तुझा शब्द मला माहितीय. माझ्या खिडकीची चौकट अजून तशीच लोंबतेय."

दोघं हसली. ईनॉकला ठसका लागला आणि थर्झाने त्याची पाठ चोळली. तेव्हा ते सगळं गमतीचंच होतं.

मार्च गेला, एप्रिल आला, आणि गावात मरायला कुणी तयार होईना. मेली ती फक्त बंगल्यातली म्हातारी मालकीण, आणि तिला लंडनच्या माणसांनी शिशाच्या पेटीत झाळून बंद केलं. ईनॉक मात्र तसाच होता. बरा नाही, जात नाही. थर्झा रोज त्याला सूप भरवायची. चमचा ओठांना लावताना तिच्या मनात यायचं, हा आणखी एक दिवस. मग स्वतःचीच किळस यायची आणि ती त्याच्यावर वसवसायची, "नीट गीळ, सांडतोस काय." ज्या माणसाने तिच्या लेकीसाठी दगड उचलला त्याच्या श्वासाकडे ती आता शेतकरी ढगाकडे बघतो तशी बघत होती.

जत्रेला थोडे दिवस उरले असताना एका दुपारी तो शांत निजला होता. कफाने झोप लागत नसे म्हणून डॉक्टरने अफूचा अर्क दिला होता. दोन चमचे, जास्त नाही, असं बजावून. थर्झाने दोन चमचे पेल्यात ओतले. तिसरा भरला. चौथा भरला. आयुष्यभर तिने कुणाच्या नाकातोंडातून जीव आत फुंकला होता, कुणाचे मिटलेले डोळे नीट केले होते, पण दोन्हीच्या मधे कधी हात घातला नव्हता. तिला खूप भीती वाटली. सगळ्यात जास्त भीती याची, की तिचा हात अजिबात थरथरत नव्हता.

तिने पेला चुलीतल्या राखेवर ओतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन ओक्साबोक्शी रडली. परत आली, दोन चमचे मोजले, आणि त्याला हलवून म्हणाली, "ऊठ, औषध घे."

जत्रेच्या दिवशी गाव ओस पडतं. नोकरी धरायला, नोकरी सोडायला, नुसतं मिरवायला, सगळे लेमस्टरला जातात. पाद्रीही गेले. थर्झाने ईनॉकची पहार घेतली, कपड्यांची मोठी टोपली घेतली आणि रिपरिपत्या पावसात आवारात आली. दगड तिला एकटीला उचलवेना. पहारीवर ती जवळजवळ लोंबकळली तेव्हा तो सरकला. मग पालथं पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून तिने एकेकाला बाहेर काढलं. वरच्या पेट्या शाबूत होत्या. खालच्यांच्या फळ्यांचा भुगा झाला होता, तिथे नुसती फडकी हाताला लागली, आणि फडक्यांत चिमणीच्या हाडांएवढं काहीतरी. सगळ्यात तळाशी तिची होती. तिला ओळखायला काहीच उरलं नव्हतं. एक खिळा उरला होता, ईनॉकच्या हातचा.

टोपलीवर तिने चादरी पसरल्या आणि ती निघाली. फाटकापाशी हेस्टर लेलो उभी होती. गुत्ता सांभाळायला तीच मागे राहिली असणार.

"पावसात कपडे वाळत घालायला निघालीस होय?" हेस्टर म्हणाली. कितीतरी वर्षांत तिने थर्झाशी काढलेला तो पहिला शब्द.

"तुला काय करायचंय?"

हेस्टरने तिच्या चिखलाने भरलेल्या कोपरांकडे बघितलं. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे, थोट्याकडे. वरच्या पायरीचा दगड सरकलेला होता. मग तिने फाटक उघडलं आणि थर्झा पार रस्त्याला लागेपर्यंत ते धरून ठेवलं.

थर्झाच्या घरात पिठाचा पेटारा होता. पीठ तिने मडक्यांत काढलं आणि पेटाऱ्यात सगळ्यांना ठेवलं. आता फक्त ईनॉकची वाट.

आणि ईनॉक बरा झाला! जूनचं ऊन पडलं तशी त्याची छाती मोकळी झाली. त्याने आधी अंडं मागितलं, मग डुकराचं खारं मांस मागितलं, आणि एक दिवस काठी टेकत थर्झाच्या दारात आला.

"चुकलंच माझं," तो ओशाळून म्हणाला.

"मेल्या, एक काम धड करशील तर शपथ!" थर्झा ओरडली, आणि आनंदाने तिला रडू फुटलं. रडताना खोकला आला. तो खोकला त्या पावसातल्या दिवसापासून होता, आणि गेला नाही.

सप्टेंबरात नवा क्रूस उभा राहिला. चांगला होता, खोटं कशाला बोला. वरती एका बाजूला क्रुसावरचा प्रभू, दुसऱ्या बाजूला मांडीवर बाळ घेतलेली मारिया. बिशपसाहेबांनी येऊन आशीर्वाद दिला. लॅथबरींचे डोळे आईच्या आठवणीने भरून आले, आणि थर्झालाही त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. मग कठड्याच्या फाटकाला कुलूप लागलं. घरी परतताना पेटाऱ्यावर हात ठेवून तिने सांगितलं, "तुमच्या जागेवर एक बाई बसलीय. तिच्या मांडीवर तिचं आहे." आणि त्या रात्रीपासून ती अंथरुणाला खिळली.

नोव्हेंबरात तिने ईनॉकला बोलावून घेतलं.

"तुझी पेटी मला देशील?"

ईनॉक खुर्चीवर बसला. बराच वेळ टोपी फिरवत राहिला. "देईन," तो म्हणाला. "तुला फार मोठी होईल गं."

"मला कुठे एकटीला हवीय." थोडं थांबून ती म्हणाली, "ईनॉक, मी तुझ्या मरणाची वाट बघत होते. नुसती वाट नाही. एकदा पेल्यात चार चमचे ओतले होते."

"ठाऊक आहे मला. डोळे मिटले होते, झोपलो नव्हतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू दिलं असतंस तर घेतलं असतं," ईनॉक म्हणाला.

थर्झाने भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, "मला आंघोळ घालायला हेस्टरला बोलाव. दुसरी कुणी नको."

ती गेली त्या सकाळी हेस्टर लेलो आली. तिने दार आतून लावलं, बाह्या वर केल्या आणि थर्झाचं सगळं नीट केलं. मग ईनॉकने पेटारा उघडला. एकेक त्याने तिच्या हातात द्यायचं आणि तिने थर्झाच्या कुशीत, पायांशी, खांद्यापाशी ठेवायचं. एक गाठोडं हातात आलं तशी हेस्टर थांबली. निळ्या चौकड्यांचं कापड होतं, विटलेलं. तिच्याच ॲप्रनचा तुकडा. तिने ते छातीशी धरलं आणि खाली फरशीवर बसली. ईनॉक खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. खूप वेळाने ती उठली आणि ते तिने थर्झाच्या हाताखाली ठेवलं, जिथे मूल झोपतं तिथे.

गावात कुजबुज झालीच. एवढ्याशा बाईला ही केवढी पेटी! ईनॉकने आपली जुनी खपवली, लाकूड वाचवलं, चिक्कू लेकाचा.

खांदेकऱ्यांनी पेटी उचलली. आवारात शिरल्यावर सवयीने त्यांनी नव्या क्रुसाभोवती, कठड्याच्या बाहेरून, तीन फेरे घातले. लॅथबरीही मागोमाग चालले. तिसऱ्या फेऱ्याला खांदेकरी सवयीने थबकले, टेकवायला पायरी शोधू लागले, आणि पुढचा वाकला तशी पेटी कलली.

"सरळ धरा!" हेस्टर किंचाळली. "कलवू नका, सरळ धरा!" ती धावत पुढे आली आणि पेटीच्या पायांकडच्या टोकाला तिने दोन्ही हात लावले. तिचा नवरा बघतच राहिला. मग मागून आणखी एक बाई आली. कुणी फक्त बोटं टेकवली, कुणी हात तसाच ठेवला. पुढच्या बाकावरची एक टोपीवालीही आली, आणि एक आलीच नाही, दुसरीकडे बघत राहिली. तिलाही कुणी दोष देऊ नये.

कबरीपाशी लॅथबरींनी प्रार्थना वाचली. सगळी, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, स्वच्छ, खणखणीत आवाजात. बाप्तिस्मा झालेल्या थर्झा प्रीससाठी ती वाचायला पुस्तकाची काहीच हरकत नव्हती.

लोक पांगल्यावर ते ईनॉकजवळ आले. "मला माहीत नव्हतं, त्यांचं एवढं गणगोत होतं. या सगळ्या बायका..."

"तिचं स्वतःचं एकच होतं, साहेब," ईनॉक म्हणाला. "मेलेलंच जन्मलं होतं. ते आज तिच्याबरोबर गेलं."

लॅथबरींनी त्या रुंद कबरीकडे पाहिलं. मग नव्या क्रुसाकडे, त्याच्या कोऱ्या पायऱ्यांकडे. पायपुसण्यावर उभी असलेली थर्झा त्यांना आठवली असावी, कारण त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. हातातलं पुस्तक त्यांनी मिटलं, पुन्हा उघडलं. कबर खणणारा फावडं घेऊन खोळंबला होता.

"मिस्टर बफ्टन," ते अखेर म्हणाले. "आज वारा होता. माझं वाचणं... ऐकू आलं ना?"

"आलं, साहेब," ईनॉक म्हणाला. "सगळ्यांना आलं."